सोलापुरातलं बालपण: आजीचं बरं की नातीचं?

‘आमच्या वेळचं बालपणच भारी’ हे मला अर्धंच पटतं. 1970 च्या सुमारास पूर्व भागात कितीतरी पोरींची दुपार विडीच्या सुपापुढेच जायची. आई कात्रीनं तेंदूपान कापून तंबाखू भरून वळणार, पोरगी दोरा बांधणार. बोटं पिवळी, अंगाला उग्र वास. घरात माग असला तर कांड्या भरायच्या, तेही पोरांकडेच. शाळा? जमली तर. त्यात देवीच्या रोगाची धास्ती. देशातून तो गेला तो 1975 मध्ये.

आजच्या नातीला 2009 च्या कायद्यानं 6 ते 14 वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. इथे तुलनाच नको, आज सरस.

संध्याकाळ मात्र आजीचीच. गल्लीभर लगोरी, घरी तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. भाषा खेळता खेळताच यायच्या. नात ट्यूशनहून येते ती थेट मोबाइलवर. (आजीही आता मोबाइलवरच असते, ते सोडा.) संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, तेवढा दोघींचा: पाळणे आता उंच झालेत, हट्ट तोच. आणि नळाला रोज पाणी नाही, हेही दोघींना सारखंच.