अल्ड्रोवांडा की पार्टुला: आधी मदत कुणाला?

संवर्धनासाठी पैसे किंवा वेळ द्यायचा ठरवलं की बहुतेक जण आधी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीतला दर्जा बघतात. अल्ड्रोवांडा व्हेसिक्युलोजा ही पाणथळीतली वनस्पती ‘संकटग्रस्त’. प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिया बेटावरची पार्टुला तोहिवेआना ही गोगलगाय त्याहून बिकट, ‘अतिसंकटग्रस्त’. मग गोगलगाय आधी? एवढ्यावर ठरवू नका. २०२४ पर्यंत ती ‘वन्य अवस्थेत नामशेष’ (रानातून संपलेली, फक्त माणसांनी पाळलेली) होती, म्हणजे तिच्यासाठी हा दर्जा बढतीच आहे.

फ्रेंच पॉलिनेशियात महाकाय आफ्रिकन गोगलगायींनी शेतीची नासाडी चालवली होती. त्यांना आवर घालायला १९७०च्या दशकात युग्लँडिना ही शिकारी गोगलगाय मुद्दाम आणली. ती दुसरीच्या चिकट वाटेचा माग काढत जाते आणि तिला खाते. तिने स्थानिक पार्टुलांचा फडशा पाडला. पार्टुला एका वेळी एकच पिल्लू देते, तेही शंखासकट. ही तूट ती भरून काढणार कशी? उरलेल्या मोजक्या गोगलगायी प्राणिसंग्रहालयांत वाढवल्या आणि पुढच्या पिढ्या रानात सोडल्या. सोडताना शंखावर रंगाचा ठिपका देतात, रात्री अतिनील प्रकाशात तो चमकतो. मग एकदा ठिपका नसलेल्या, रानातच जन्मलेल्या प्रौढ गोगलगायी सापडल्या आणि दर्जा बदलला.

अल्ड्रोवांडाला मुळंच नसतात. उथळ पाण्यात ती नुसती तरंगते. खोडाभोवती चाकाच्या आऱ्यांसारखी पानं, प्रत्येकाच्या टोकाला शिंपल्यासारखा इवलासा सापळा. पाणपिसू आतल्या केसांना लागला की सापळा डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटतो. युरोप, आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया एवढा पसारा असल्यामुळे तिची काळजी कुणाला वाटत नाही. पण जुन्या नोंदींतल्या बहुतेक ठिकाणी ती आता नाही. शेतातलं खत वाहून येतं, शेवाळ माजतं, ऊन अडतं. कुठे तळंच बुजवलं जातं. टबात ती तुकड्यांपासूनही वाढते, पण बिघडलेल्या पाण्यात सोडली तर टिकत नाही.

माझं मत विचाराल तर पैसे गोगलगायीला द्या. प्राणिसंग्रहालयातली पैदास मधेच थांबवता येत नाही, आणि चालू असतानाही धोका असतोच: पार्टुला टर्गिडा या तिच्याच गणातल्या दुसऱ्या जातीची शेवटची गोगलगाय १९९६ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात, माणसांच्या देखरेखीखालीच मेली. हाताशी वेळ असेल आणि जवळपास स्वच्छ, उथळ पाणथळ असेल, तर तो वेळ अल्ड्रोवांडासारख्या वनस्पतींना द्या. तिथे पहिलं काम लागवडीचं नाही, वरून येणारं खताचं पाणी अडवायचं आहे.