आठ महिने पीएक्सई बूट: सर्व्हर ओळखायचा कशावरून?

मे महिन्यात एका रात्री आमचा चांगला चालता सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल झाला आणि त्याच्यावरचं दोन दिवसांचं काम गेलं. त्याआधीचं बॅकअपमध्ये सापडलं. कारण शोधायला चार दिवस लागले. दुसऱ्या कोणाचे ते चार दिवस वाचावेत म्हणून लिहितोय.

नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत आमची रेंडरची (ॲनिमेशनची चित्रं मशीनकडून तयार करून घ्यायची) छोटी खोली आहे. १४ मशीन: ६ सेकंडहँड ब्रँडेड सर्व्हर, ८ असेंबल. मी राहतो मानेवाड्याला. मागच्या उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळून पेनड्राइव्ह लावायला इतक्या चकरा मारल्या की ऑक्टोबरात सगळं नेटवर्क बूटवर नेलं, म्हणजे पीएक्सई: मशीन पेनड्राइव्हऐवजी नेटवर्कवरून सुरू होतं, तिथूनच इन्स्टॉलही होतं. मशीनला पत्ता आणि बूटची फाइल सांगायला डीएनएसमास्क, टीएफटीपीवरून (साधी फाइल पाठवायची पद्धत) आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्रॅम, पुढचं सगळं एचटीटीपीवरून. सॉफ्टवेअरला एक रुपया लागला नाही. हा भाग उत्तम चालतो, त्यावर जास्त लिहीत नाही. बायोस आणि यूईएफआय (मशीन सुरू करणारं बोर्डमधलं जुनं आणि नवं सॉफ्टवेअर) अशी मशीन मिसळलेली असतील तर डीएचसीपीचा, म्हणजे मशीन नेटवर्कवर पत्ता मागते त्या विनंतीतला, ऑप्शन ९३ बघा (० म्हणजे जुनं बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय) आणि त्याप्रमाणे फाइल द्या.

खरा प्रश्न एकच: समोर आलेलं मशीन नेमकं कोणतं, हे दुरून कसं कळणार?

पहिले दोन महिने मॅक ॲड्रेसवर (प्रत्येक लॅन पोर्टचा स्वतःचा क्रमांक) काढले: कोणत्या मशीनला काय द्यायचं याची यादी बूट सर्व्हरवर, त्यात मॅक. ब्रँडेड सर्व्हरला चार लॅन पोर्ट, म्हणजे चार मॅक. साफसफाईत कोणीतरी वायर एका पोर्टातून काढून शेजारच्यात लावली आणि ते मशीन रात्रभर मेनूवर अडकून राहिलं. तेव्हापासून यादीत नसलेल्या मशीनला मी स्थानिक डिस्कवर पाठवू लागलो आणि ओळखीसाठी यूयूआयडी, म्हणजे मशीनचा एकमेव असावा असा क्रमांक, धरला. तो मदरबोर्डच्या एसएमबायोसमध्ये (बोर्ड स्वतःची माहिती ठेवतो ते तक्ते) असतो, डीएचसीपीच्या ऑप्शन ९७ मधूनही येतो, आणि वायर कुठेही लावली तरी बदलत नाही. डिसेंबरात मी ओळखीच्यांना सांगत होतो की मॅकचा नाद सोडा. ते शब्द मी परत घेतो.

मेमध्ये एका असेंबल मशीनचा बोर्ड वॉरंटीत बदलून आला. संध्याकाळी स्क्रीनवरून त्याचा यूयूआयडी उतरवून घेतला, यादीत ‘नवीन इन्स्टॉल’ लिहिलं आणि मशीन बंद ठेवून घरी आलो. रात्री अवकाळी वादळ आलं, लाइट गेली, यूपीएस संपला. दीडला लाइट आली तशी सगळी मशीन एकदम उठली. त्यातलं एक कधीकाळी पेनड्राइव्हने भरलेलं, यादीत न नोंदवलेलं. त्याने आपला यूयूआयडी सांगितला, बूट सर्व्हरला तो यादीत सापडला, आणि इन्स्टॉलरने डिस्क पुसली.

दोन्ही बोर्डांचा यूयूआयडी एकच होता: ०३०००२००-०४००-०५००-०००६-०००७०००८०००९. नीट बघा. एसएमबायोस २.६ पासून पहिले तीन भाग उलट्या बाइटक्रमाने साठवायचे ठरलं आहे. सरळ क्रमाने वाचला तर हाच आकडा ०००२०००३-०००४-०००५-०००६-०००७०००८०००९ होतो, म्हणजे २ ते ९ ओळीने. जगात एकमेव असावा असा हा क्रमांक, आणि कोणी तो भरलाच नाही, नमुन्याचा तसाच राहू दिला. सीरियल नंबरच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’, म्हणजे ‘बनवणाऱ्याने भरायचं’. आठपैकी तीन बोर्ड असे निघाले. बोर्ड तयार करताना एक कमांड चालवायची असते. तेवढी चालवली नाही याचा राग माझा अजून गेलेला नाही.

ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडे तीन चकरा झाल्या. “मशीन चालून राहिली ना? मग प्रॉब्लेम काय?” एवढंच उत्तर. वॉरंटीत हे बसत नाही म्हणे. शेवटी पुसलेल्या डिस्कचा फोटो दाखवला तेव्हा बायोसवाल्यांचं डीएमआय एडिट टूल (बोर्डमधली ही माहिती बदलणारं) दिलं. दोन बोर्डांत नवा यूयूआयडी आणि सीरियल बसला, तिसऱ्याने घेतला नाही.

आता ब्रँडेडबद्दल, कारण माझं मत इथे पार बदललं. त्यांच्यात बीएमसी असते, म्हणजे दुरून मशीन सांभाळायला बोर्डवरचा वेगळा छोटा कॉम्प्युटर. असेंबल बोर्ड घेताना तिचे जास्तीचे पैसे मी मुद्दाम वाचवले होते. पण बीएमसी मशीन बंद असतानाही जागी असते, तिचा स्वतःचा मॅक असतो, आणि आयपीएमआयवरून (तिच्याशी बोलायची ठरलेली पद्धत) विचारलं की एफआरयूमधला, म्हणजे सुट्या भागांच्या नोंदीतला, कारखान्यातला सीरियल नंबर सांगते. जूनमध्ये एका सर्व्हरच्या डिस्कची तक्रार यायला लागली. घरूनच ‘चेसिस आयडेंटिफाय’ (ओळखीचा दिवा लावायचा हुकूम) पाठवलं आणि चौकीदार काकांना फोन केला. ते म्हणाले, “मागून निळा दिवा लुकलुकून राहिला, खालून तिसरा.” त्यांनी स्टिकरवरचा नंबर एकेक अक्षर वाचून दाखवला. माझ्या स्क्रीनवर तोच होता. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. पुढचा बोर्ड बीएमसीशिवाय घेणार नाही, मग एक मशीन कमी आलं तरी चालेल.

स्क्रिप्टमध्ये आता यूयूआयडी, बोर्डचा सीरियल आणि मॅक, तिन्ही तपासतो. नुसत्या बूटला दोन जुळले तरी पुरे, इन्स्टॉलला तिन्ही जुळलेच पाहिजेत. ‘टू बी फिल्ड’, ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ आणि तो २ ते ९ वाला यूयूआयडी आला तर ते जुळलं असं धरायचंच नाही. इन्स्टॉलचा हुकूम एकदा दिला की यादीतून आपोआप निघतो.

तिसरा बोर्ड फक्त मॅकवर ठेवलाय. त्याचं इन्स्टॉल पेनड्राइव्हनेच होतं. त्याच्या लॅनच्या वायरीला लाल टेप गुंडाळून वर मार्करने लिहिलंय: ही वायर हलवू नका.