मांस सोडलं, पण दूध-अंड्यांचं काय?

प्राण्यांचा जीव जाऊ नये म्हणून मांस सोडणाऱ्यापुढे दोन वाटा असतात: दूध-अंडी चालणारा शाकाहार, नाहीतर प्राण्यांपासून मिळणारं सगळंच वर्ज्य करणारा व्हीगन आहार.

पहिली वाट सोपी. प्रथिनं, कॅल्शियम, बी-१२ जीवनसत्त्व फारसा विचार न करता मिळतात. पण तिचं नैतिक गणित मला पटत नाही. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि जन्मणाऱ्या वासरांपैकी साधारण निम्मी नर. दूधधंद्याला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून त्यांतली बरीचशी मारली जातात. अंड्यांचं त्याहून वाईट. अंड्यांसाठी पाळलेल्या जातींची नर पिल्लं जन्मताच मारली जातात. जर्मनीने २०२२ पासून यावर बंदी घातली, पण कित्येक देशांत हे आजही चालू आहे. म्हणजे ताटात मांस नसलं तरी मरण टळत नाहीच.

‘व्हीगन’ हा शब्द १९४४ मध्ये ब्रिटनमधले शाकाहार-प्रचारक डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणला. या वाटेवर बी-१२ गोळ्यांतून किंवा ते मिसळलेल्या पदार्थांतून घ्यावंच लागतं. शेतीतही उंदीर-किडे मरतात, हे खरं. पण जनावरं पोसायलाही पीकच लागतं, आणि तेही जास्त.

मी दुसरी वाट निवडते. एकदम जमत नसेल, तर आधी अंडी सोडा, मग दूध: एका गाईच्या दुधाइतकं अन्न मिळवायला कितीतरी कोंबड्या लागतात.