दहा इंचांची भरणी, साडेपाच इंचांचा तुकडा

बेळगावच्या वडगावातलं आमचं घर तीन पिढ्यांनी तीन वेळा वाढवलेलं. पुढं सोपा, शहाबादी फरशीचा. मधली मागाची खोली त्याहून खाली आणि मागचं स्वयंपाकघर आणखी निराळं. मागाची खोली खाली का, तर आजोबांचा खड्डामाग, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून विणायचा माग, तिथंच होता, आणि सुताला ओल राहावी म्हणून जमीन मातीचीच ठेवलेली. माग गेला, खड्डा बुजला, वर कोबा झाला. उंचीचा फरक तसाच राहिला. दोन वर्षांमागं आई तिथंच अडखळली आणि तिचं मनगट मोडलं. मग ठरवलं, भरणी करून, म्हणजे खालच्या जमिनी भरून, सगळं एका पातळीत आणायचं.

मेस्त्री ओळखीचाच. सोप्याच्या फरशीवरून त्यानं दोरी ताणली, टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "त्या तिथं धरा की, अण्णा." मी धरलं. दहा इंच. स्वयंपाकघरात मोरीच्या कोपऱ्यात धरलं, आठ इंच. खोल्या १२ बाय १४ आणि १० बाय १२. त्यानं उभ्या उभ्या गुणाकार केला: १४० आणि ८०, म्हणजे २२० घनफूट, २.२ ब्रास काँक्रीट (ब्रास म्हणजे १०० घनफूट). ब्रासला १३ हजार, एकूण २८,६००. चिठ्ठीवर माझी सही.

गुणाकारात एका पैशाची चूक नव्हती. पण "त्या तिथं" म्हणजे नेमका जुन्या मागाचा खड्डा. बुजवलेली माती वर्षानुवर्षं दबत गेल्यानं तिथली जमीन खचलेली. बाकी खोलीभर फरक साडेपाच इंचांच्या आसपास. मोरीकडं तर पाणी जायला उतार दिलेलाच असतो. मेस्त्रीला हे दिसत नव्हतं असं मी तरी मानत नाही.

मला कळलं ते बंबामुळं. भरणीनंतर सुतारानं मागाच्या खोलीचं दार खालून कापलं होतं. तो तुकडा आई बंबात घालायला निघाली. सागवान कशाला जाळतेस म्हणून मी हातात घेतला आणि सहज मापला. साडेपाच इंच. जमीन दहा इंच चढली असती, तर दार साडेपाचच कापून कसं भागलं असतं?

मग पोती मोजली. आई सिमेंटची रिकामी पोती टाकत नाही, झाडून, घडी घालून माळ्यावर ठेवते. सात निघाली. साधं १:४:८ चं (एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी) काँक्रीट धरलं तरी ब्रासला नऊ-दहा पोती जातात. त्याच्या मापानं वीस-बावीस हवीत, आणि खऱ्या भरणीनं, जी सव्वा ब्रासच्या आतच भरते, तरी अकरा. उरलेलं काय घातलं होतं ते पावसाळ्यानंतर दिसलं. खड्ड्यावरच्या चार फरशा बद्द वाजायला लागल्या. उचलल्या तर खाली आमच्याच कोब्याचे तुकडे आणि तांबडी माती, धुमस मारून, म्हणजे ठोकून, न दाबलेली.

पैसे देऊन झाले होते. विचारायला गेलो तर म्हणतो, "टेप तुमीच धरलासा की." चार फेऱ्यांनंतर तीन हजार परत दिले, पुढं फोन उचलला नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, पण दहा इंचांच्या चिठ्ठीवर सही माझीच. आणि चिठ्ठीत नुसतं "भरणी" लिहिलेलं, कशाची ते नाही!

उद्यमबागेत फौंड्रीत असलेल्या मावसभावानं नंतर मला पातळी काढायची नळी दाखवली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, नाहीतर माप खोटं येतं. दोन्ही टोकांच्या पाण्याच्या रेषेवरून चारही भिंतींना एकाच उंचीवर खुणा करायच्या, दोऱ्या ताणायच्या आणि तिथून खाली नऊ ठिकाणी मापायचं: चार कोपरे, चार भिंतींचे मध्य, एक खोलीच्या मधोमध. त्यांची सरासरी धरायची. जुना खड्डा, विहीर, चूल असं काही असेल तर ते सरासरीत घ्यायचं नाही. ते वेगळं उकरून, अर्ध्या फुटाच्या थरांनी मुरूम भरून, पाणी मारून धुमसायचं आणि चिठ्ठीत वेगळं लिहून घ्यायचं. मापायला सगळं मिळून अर्धा तास लागतो.

सध्या खड्डा उकरलेला आहे, आई सोप्यात झोपते. परवा नवा गवंडी आला आणि आल्या आल्या टेप काढला. म्हटलं, थांबा मामा, आधी नळी भरतो.