सोलापुरात कुटुंबासाठी जुनी तवेरा: इंजिनाआधी काच आणि कागद बघा

मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांच्या मनात तिथली व्हॅन घर करून बसते. सगळं कुटुंब एका गाडीत, सरकता दरवाजा, मागे सामानाला भरपूर जागा. तशी गाडी इकडे आणता येईल का, हा प्रश्न मग निघतोच. घरगुती वापरासाठी त्याचं उत्तर नाही असंच आहे. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि ती मुंबई बंदरातच उतरवावी लागते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्हॅनचं स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे विषय तिथेच संपतो. नियम घटकाभर बाजूला ठेवले तरी शेव्हरोले एक्स्प्रेससारखी व्हॅन सुमारे ५.७ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे. नवी पेठेत ती वळवणार कुठे? शिवाय तिचा बाजूचा दरवाजा उजवीकडे उघडतो. तिथे उजवीकडे फुटपाथ असतो. आपल्याकडे त्या बाजूला रहदारी असते, आणि मूल नेमकं तिकडेच उतरणार.

अमेरिकन नावाची मोठी घरगुती गाडी म्हणून आपल्या भागात खरी रुजली ती शेव्हरोले तवेरा. नाव अमेरिकन असलं तरी घडण इसुझूची आहे. इंडोनेशियात पँथर नावाने चालणाऱ्या गाडीची ही बहीण. २००४ मध्ये ती भारतात आली, गुजरातमधल्या हालोलच्या कारखान्यात बनत राहिली आणि तो कारखाना एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला. त्याच वर्षाअखेर जनरल मोटर्सने भारतातली विक्रीही थांबवली. म्हणजे आज बाजारातली सर्वांत तरुण तवेरासुद्धा २०३२ मध्ये १५ वर्षांची होते. घेताना हा हिशोब डोक्यात पक्का ठेवायचा.

आमचं मत आधीच सांगतो. आठ-नऊ माणसांचं एकत्र कुटुंब, वर्षातून दहा-बारा वेळा अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर, अधूनमधून पुणे, आणि खर्चाला मर्यादा, असं असेल तर चांगली जपलेली तवेरा अजूनही घेण्यासारखी आहे. घरात पाच-सहाच माणसं असतील तर हिच्या नादी लागू नका. पेट्रोलची सात आसनी छोटी गाडी जास्त सोयीची आणि जास्त सुरक्षित पडेल.

मॉडेल निवडताना २.५ लिटरचं, २४९९ सीसीचं जुनं डिझेल इंजिन शोधा. ८० पीएस ताकद ऐकायला कमी वाटते, पण ओढ खालच्या वेगातच मिळते, त्यामुळे भरलेली गाडी तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरवर कुरकुर न करता चढते. डिझेलचा पंप यांत्रिक असल्यामुळे साधा डिझेल मेकॅनिकही तो उघडून दुरुस्त करू शकतो. २०१२ नंतर धुराचा बीएस-४ हा कडक निकष लागू असलेल्या शहरांसाठी २ लिटरचं इंजिन आलं. ते इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं आहे. सेन्सर किंवा वायरिंग बिघडलं तर आता सुटे भाग आणि स्कॅनर दोन्हींसाठी धावाधाव होते. आपल्या गावात ते टाळलेलं बरं. आणखी एक गोष्ट विक्रेत्याला विचारायचीच. २०१३ मध्ये कंपनीने २००५ ते २०१३ दरम्यान बनलेल्या सुमारे १.१४ लाख तवेरा धुराच्या प्रमाणाच्या कारणावरून परत बोलावल्या होत्या. समोरच्या गाडीचं ते काम झालं होतं का, सर्व्हिस पुस्तकात त्याची नोंद आहे का, बघा.

आता गाडीपाशी जाऊ. बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करा. आधीच तापवून ठेवलेली गाडी दाखवत असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. पहिल्या सेल्फला इंजिन लागलं पाहिजे. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर हरकत नाही. निळसर धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल खातंय, आणि रेस केल्यावर काळा लोट उठला तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टरचं काम आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून नुसतं तोंडावर ठेवा. ते थडथडून उडालं आणि खालून वाफेचे फुत्कार आले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टन-रिंगचं मोठं काम. अशी गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका.

या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. मालकाकडे तो बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरून चाला आणि गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात नवा घाला. टेन्शनरही सोबतच बदला, कारण त्याच्या बेअरिंगने मान टाकली तर नवा बेल्टही जातो. पुढे दर १ लाख किलोमीटरला हेच. मीटर मागे फिरवलेली गाडी असू शकते, म्हणून आकड्यावर भिस्त ठेवू नका. बेल्ट धावत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट खर्च येतो.

दुसरी नाजूक जागा अल्टरनेटरच्या पाठीमागे आहे. डिझेल इंजिनाला ब्रेकच्या बूस्टरसाठी लागणारा व्हॅक्यूम स्वतः तयार होत नाही, म्हणून तिथे एक छोटा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो आणि त्याला इंजिनाचंच ऑइल रबरी नळीतून जातं. उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने ही नळी कडक होऊन तडकते. मग एकीकडे ब्रेक दगडासारखा होतो आणि दुसरीकडे ऑइल रस्त्यावर सांडत जातं. ऑइलचा दिवा लागेपर्यंत चालक गाडी हाकत राहिला तर इंजिन जाम होतं. नळी फार मोलाची नाही, गाडी हातात आल्यावर ऑइल नेणारी आणि परत आणणारी अशा दोन्ही नळ्या नव्या टाकून द्या. बूस्टर तपासायला इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक झालं की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पॅडल थोडं खाली गेलं तर ठीक. जागचं हललं नाही तर पंप, नळी किंवा बूस्टर यांपैकी काहीतरी गेलंय.

सोलापूरचं ऊन आणि सोलापूरचं पाणी या दोघांचा मारा रेडिएटरवर बसतो. नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय अनेकांना लागलेली असते. बोअरचं पाणी जड. चहाच्या पातेल्यात बसतो तसा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि मेच्या दुपारी एसी लावून सात रस्त्याला सिग्नलवर थांबलं की काटा वर सरकतो. इंजिन थंड असताना झाकण काढून आत बोट फिरवा. गंजाचा लाल गाळ किंवा पांढरी खर लागली तर गाडीला कूलंट माहीतच नाही असं समजा. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केल्यावर सतत बुडबुडे येत राहिले तर हेडगॅस्केटची शंका घ्या. घेतल्यावर रेडिएटर उतरवून साफ करवून घ्या, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरा, दोन वर्षांनी बदला. बाहेरच्या जाळीतही लक्ष घाला. उसाच्या हंगामात ट्रॉलीमागून चालताना पाचटाचा भुसा जाळीत अडकतो, वरून काळ्या मातीची धूळ बसते आणि हवा जायला वाटच उरत नाही. जाळी इंजिनाच्या बाजूने पुढे अशा दिशेने हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने पाती आडवी होतात. पुढे इंजिनावरच्या पंख्याचा सिलिकॉनचा क्लच. गरम इंजिन बंद केल्यावर पंखा हाताने फिरवून बघा, तो गरागरा फिरला तर क्लच बदलायला झाला.

मागच्या एसीचे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. तिथे दगड लागून किंवा गंजून गळती होते आणि गॅस भरत राहायची वेळ येते. गळती न शोधता नुसता गॅस भरून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

एवढं सांगूनही आमचं म्हणणं तेच राहतं की इंजिन ही या गाडीची काळजीची बाजू नाही. बेल्ट, फिल्टर, क्लचप्लेट, ब्रेकलायनर, बॉलजॉइंट, बुश हे सगळं बाजारात मिळतं आणि वडापवाल्यांनी, म्हणजे माणसं भरून गावोगाव फेऱ्या मारणाऱ्यांनी, इतकी वर्षं ही गाडी पिळून काढल्यामुळे ती उघडलेले हातही गावात आहेत. अडतं ते पत्र्याला आणि काचेला. पुढची काच, मागच्या दरवाजाची काच, हेडलाइटचा पूर्ण संच, दरवाजाचं कुलूप, काच वरखाली करायची यंत्रणा, डॅशबोर्डचे तुकडे या वस्तू आता नव्या मिळवताना दमछाक होते, आणि भंगारातल्या गाडीवरून काढलेल्यावर भागवावं लागतं. म्हणून घेताना प्रत्येक काच, प्रत्येक दिवा, प्रत्येक कुलूप हाताने चालवून बघा. यांपैकी दोन गोष्टी बंद असलेली गाडी दहा हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून खूश होऊ नये. जिचं इंजिन थोडं थकलंय पण अंग शाबूत आहे ती गाडी घ्यावी, उलट कधीच नाही.

अंगाबाबत एमएच १३ ची गाडी एका अर्थाने बरी. इथली हवा कोरडी, त्यामुळे चासी आणि खालचा पत्रा टिकतो. मुंबई-कोकणात आयुष्य काढलेली गाडी वरून चकाचक असली तरी खाली वाकून टॉर्चने बघा: मागच्या चाकाच्या कमानीत, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडापाशी (शॅकलजवळ), दरवाजाच्या खालच्या कडेला, फूटमॅट उचलून पायाखाली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पत्रा टणटण वाजला पाहिजे. भद्द आवाज आला तर आत पुटी आहे.

कागदांवर घाई नको. वडापात किंवा ट्रॅव्हल्सला चाललेली पिवळ्या पाटीची गाडी स्वस्त दिसते. ती खासगी करायची तर परमिट परत करणं, कराचा फरक भरणं, तपासणी, असा पूर्ण प्रवास आरटीओत करावा लागतो. हे काम विकणाऱ्याने करून पांढरी पाटी हातात द्यावी, मगच उरलेले पैसे द्या. विजापूरची केए २८ किंवा कलबुर्गीची केए ३२ गाडी पसंत पडली तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि इथे आल्यावर महाराष्ट्राचा एकरकमी कर, हे किमतीत मिळवूनच भाव करा. अकलूजची एमएच ४५ असेल तर राज्यातलीच, ती अडचण नाही. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज होतं तर बँकेचा फॉर्म ३५, चालू विमा, पीयूसी. चासी नंबर आरसीवरच्या नंबरशी एकेक अक्षर ताडून बघा आणि जुने चलान परिवहनच्या संकेतस्थळावर तपासा.

पंधरा वर्षं पुरी होत आलेली गाडी असेल तर फॉर्म २५ भरून नूतनीकरण, त्याआधी गाडीची तपासणी, आणि वर पर्यावरण कर. २०२२ मध्ये चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५००० रुपये झालं, आजचा आकडा आरटीओत विचारून घ्या, आणि नूतनीकरण पाच वर्षांपुरतंच असतं. नंबरप्लेट एचएसआरपी आहे ना, तेही बघून घ्या.

बसण्याबद्दल. मधल्या रांगेत आजी-आजोबांना ऐसपैस बसता येतं, पण पायरी उंच आहे, म्हणून बाजूला भक्कम पायदान लावून घ्या. मागे समोरासमोर बाकं असलेली दहा आसनी गाडी वडापाला ठीक, घराला नाही. त्या बाकांवर मुलं आडवी बसतात, पट्टा नसतो, आणि अचानक ब्रेक लागला की एकमेकांवर आदळतात. सगळ्या सीटांचं तोंड पुढे असलेली गाडी घ्या. सगळ्या जागा भरल्यावर सामानाला मागे वीतभर जागा उरते, मग कॅरियर येतो. कॅरियरवर हलक्या बॅगा आणि अंथरुणं ठेवा, पाण्याचे जार आणि तांदळाची पोती नकोत. गाडी उंच आहे, वळणावर झुकते, वर वजन गेलं की जास्तच.

मागे पाट्यांचं सस्पेन्शन असल्यामुळे दोघंच बसले असता गाडी उडते आणि सहाजण बसल्यावर शांत चालते. रिकामी गाडी उडते म्हणून पाटे काढून कमी करणारे मेकॅनिक भेटतील. ते करू देऊ नका, भरल्यावर मागचं अंग टेकतं. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, खडखड लागली तर बॉलजॉइंट किंवा बेअरिंग. टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांवरून तो कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते कळतं. सहा वर्षांपेक्षा जुने टायर नक्षी कितीही उरली असली तरी आपल्या उन्हात बदलाच.

सर्वांत महत्त्वाची उणीव शेवटी सांगतोय, पण तिचं वजन सर्वांत जास्त आहे. या गाडीत एअरबॅग नाही आणि एबीएस नाही. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर चाकं जाम होऊन गाडी घसरते. पुणे रस्त्यावर ८० च्या वर नेऊ नये असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे, आणि हंगामात रात्री पंढरपूरला निघूच नये. मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली दिसेपर्यंत थांबायला अंतर उरत नाही. पट्टे सगळ्या सीटांना आहेत का आणि ते ओढल्यावर अडकतात का, हे काचेइतक्याच बारकाईने बघा.

विसार देण्याआधीची चाचणी अशी घ्या. घरातली सहा-सात माणसं बसवा, एसी लावा आणि दुपारी तुळजापूरला जाऊन या. जाऊन-येऊन साधारण ९० किलोमीटर होतात. घाट चढताना काटा कुठे जातो, उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतो का, गिअर सुटतो का, मागच्या रांगेत गार हवा पोचते का, हे एका फेरीत कळतं. परत आल्यावर गाडी रात्रभर फरशीवर एका जागी उभी करून सकाळी खाली बघा. पुढे थेंब दिसला तर पॉवर स्टिअरिंग किंवा इंजिनाचं सील, मध्ये गिअरबॉक्स, मागे डिफरन्शियल. एवढी फेरी मारू द्यायला मालक तयार नसेल तर विसार देऊ नका.