खुडूक कोंबडीसाठी घेतलेलं लाकडी खुराडं : घ्या, पण आहे तसं वापरू नका

आमच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात आणि अंधार पडायला लागला की आपापल्या मोठ्या खुराड्यात जाऊन बसतात, त्यांना एरवी काही वेगळं लागत नाही. पण एखादी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसून राहायला लागली, की तिला स्वतंत्र जागा लागतेच, म्हणून हे ऑनलाइन मिळणारं, घरी आणून जोडायचं छोटं लाकडी खुराडं घेतलं. एका बाजूला बंद खोली, तिला चिकटून जाळीचं अंगण, मागे अंड्यांची पेटी, खाली सरकणारा पत्र्याचा ट्रे आणि वर उघडणारं छप्पर. जाहिरातीत ३ ते ४ कोंबड्यांसाठी असं लिहिलंय, ते विसरा, तेवढ्या कोंबड्या यात नुसत्या कोंबून बसतील. एक खुडूक आणि तिची पिल्लं एवढ्यासाठी मात्र अगदी मापात आहे.

वेगळी जागा कशाला असं बरेच जण विचारतात म्हणून सांगते. सगळ्यांच्या खुराड्यात ती बसली की बाकीच्या तिला ढकलून त्याच पेटीत रोज नवीन अंडी घालत राहतात. मग पहिली पिल्लं २१ दिवसांनी निघतात आणि उशिरा आलेली अंडी मागे राहतात, आई तरी किती थांबणार, एक-दोन दिवसात ती पिल्लांना घेऊन उठते आणि अर्धी वाढलेली पिल्लं अंड्यातच मरतात. दुसरं म्हणजे दाणापाण्याला उठलेली खुडूक परत येताना कधी कधी भलत्याच पेटीत जाऊन बसते आणि तिची स्वतःची अंडी तिकडे गार पडतात. वेगळं ठेवलं की या दोन्ही कटकटी संपतात. फक्त हलवायचं ते रात्री, अंधारात, आणि पहिले दोन दिवस खाली खोटी अंडी ठेवायची, ती नीट बसली असं दिसलं की मगच खरी अंडी सरकवायची, सगळी एकाच वेळी.

आता खुराड्याबद्दल. यातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे उघडणारं छप्पर. वरून हळूच उचलून बघता येतं, कोंबडीला बाहेर काढावं लागत नाही, आणि सातव्या रात्री एकेक अंडं टॉर्चवर धरून बघायला तर फारच सोपं पडतं, ज्यात लाल शिरांचं जाळं दिसतं ते ठेवायचं आणि अगदी स्वच्छ दिसतं ते काढून टाकायचं. ट्रेही कामाचा आहे. खुडूक दिवसातून साधारण एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटं खाऊन पिऊन घेते आणि तेव्हा जी एकच मोठी विष्ठा टाकते तिचा वास ज्यांनी घेतलाय त्यांनाच माहीत, बंद खोलीत टाकली तर ट्रे ओढून लगेच साफ होते.

पण अंड्यांची पेटी! ही पेटी जमिनीपासून उंच आणि खोलीच्या फळीपेक्षाही वर आहे. रोज अंडं घालून निघून जाणाऱ्या कोंबडीला ते ठीक आहे, पिल्लांच्या आईला अजिबात नाही. आमच्याकडे पहिलं पिल्लू अंग सुकून कापसाच्या गोळ्यासारखं झालं आणि कडेवरून खाली पडलं, त्याला वर चढता येईना, ते घसा फोडून ओरडतंय, वर आई कुक कुक करून बोलावतेय आणि बाकीच्या अंड्यांवरून उठावं का नाही या घालमेलीत अर्धी उभी, पंख पसरलेले, खाली दोन अंड्यांना आतून चोचीने भोक पडलेलं. अशा वेळी अंडी गार पडून चालतच नाही. पिल्लू उचलून तिच्या पंखाखाली सारलं तेव्हा कुठे ती खाली टेकली. ज्याने हे डिझाइन केलं त्याने पिल्लं निघताना एकदा तरी शेजारी बसून बघायला हवं होतं. आता पेटीच्या तोंडाला फळी ठोकली आहे आणि घरटं खाली खोलीच्या फरशीवरच करतो, मातीचा थर, मधे जरासा खोलगट, वर सुकं गवत, म्हणजे अंडी कडेला घरंगळत नाहीत आणि पिल्लू बाहेर आलं तरी आपलं आपण परत आत शिरतं.

उतरायची शिडीही तशीच, उभ्या चढाची आणि पट्ट्या एकमेकींपासून लांब लांब. त्यावर एक रुंद फळी कमी उताराने टाकली आणि जवळ जवळ पट्ट्या मारल्या.

जाळीचं सांगते, हे नीट वाचा. कंपनीने दिलेल्या जाळीची भोकं साधारण एक इंचाची आहेत. एक-दोन दिवसाचं पिल्लू त्यातून सहज बाहेर जातं आणि बाहेरून उंदीर आणि साप तितक्याच सहज आत येतात. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी आतून लावल्याशिवाय यात पिल्लं ठेवू नका. अंगणाला तळ नाहीये, तो नसलेलाच बरा कारण पिल्लांना माती उकरायला मिळायला हवी, पण मग चारही बाजूंनी फूटभर जाळी जमिनीवर आडवी अंथरून दगड ठेवा म्हणजे खालून कोणी उकरून येत नाही. दाराच्या लाकडी फिरक्या तर कुत्र्याने नाक घासलं तरी फिरतात, तिथे लोखंडी कडी हवीच.

छपराखाली जो डांबरी कागद लावलाय तो मी काढून टाकला. लाल गोचिडीसारखे बारीक किडे दिवसा अशाच फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. मोकळी कोंबडी धुळीत लोळून अंग साफ ठेवते, खुडूक मात्र सारखी बसून असते, तिच्यावर त्यांची चंगळ होते, फार वाढले तर तुरा पांढरा पडतो, ती अंडी सोडून देते, मरूही शकते. रात्री टॉर्च घेऊन सांध्यावर पांढरा कागद घासून बघायचा, लाल डाग आले की समजायचं. अंगणाच्या कोपऱ्यात कोरडी माती आणि राखेचं घमेलं ठेवा, उठल्यावर ती त्यात लोळते. आणि हवा! खोलीला एकच खिडकी आहे, गरमीत कोंबडी चोच उघडून धापा टाकते, छपराच्या अगदी खाली दोन्ही बाजूंना भोकं पाडली तेव्हा फरक पडला.

जोडणी सोपी आहे, एक दोन भोकं जुळली नाहीत, ड्रिल असेल तर काही अडत नाही. वजनाला हलकं असल्यामुळे दोघांनी उचलून दर काही दिवसांनी नव्या गवतावर सरकवता येतं आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकाच ओल्या, घाण झालेल्या जागेवर पिल्लं राहिली की रक्ती हगवण लागते आणि त्यात भराभर मरतात. जाळीमुळे बाकीचा कळपही पिल्लांना रोज बघत असतो, त्यामुळे नंतर सोडल्यावर कोणी त्यांच्यावर तुटून पडत नाही, आणि पडलीच तर आई आहेच, मोठा कोंबडासुद्धा तिच्यापुढे मागे सरतो, ते बघताना खरंच ऊर भरून येतो. खाणं मात्र आई आणि पिल्लं दोघांनाही पिल्लांचंच द्या, अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असतं, ते पिल्लांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही. आई त्या काळात अंडी देत नसते त्यामुळे तिला पिल्लांचं खाद्य चालतं.

आहे तसं ५ पैकी २, सगळे बदल केल्यावर ४. हातात हत्यारं धरायची सवय नसेल तर दुसरं काहीतरी बघा. तुमच्याकडे फक्त लेगहॉर्न जातीच्या कोंबड्या असतील तर घ्यायचीच गरज नाही, त्या क्वचितच खुडूक होतात. सिल्की ही छोटी जात, तिला जागा भरपूर होते. कोचीन किंवा ऑर्पिंग्टन अशी मोठ्या अंगाची जात असेल तर ऑर्डर करायच्या आधी आतल्या दाराची रुंदी विचारून घ्या, पिसं फुलवलेली खुडूक नेहमीपेक्षा बरीच मोठी होते आणि दारातून घुसताना तिचा धक्का घरट्यातल्या अंड्यांना लागतो.