एसएसडी कॅशिंगच्या नावावर माझ्या गळ्यात काय मारलं

मी जळगावात कॉम्प्युटर आणि सर्व्हरची कामं करतो. एमआयडीसीतल्या डाळ मिल, रावेर-सावद्याकडचे केळीचे व्यापारी, दोन-तीन पतसंस्था, अशी माझी गिऱ्हाइकं. हे सगळं लिहितोय कारण गेल्या दोन महिन्यांत धुळ्याच्या आणि चोपड्याच्या दोघांनी मला फोन करून, एका गिऱ्हाइकासाठी घेऊन मी फसलो जवळपास तसल्याच सर्व्हरबद्दल विचारलं. विकणारा तोच आहे की नाही ते माहीत नाही, पण बोलणं शब्दाला शब्द तेच होतं.

एका डाळ मिलमध्ये टॅली आणि गोदामाचं सॉफ्टवेअर मिळून २२ जण एकाच सर्व्हरवर काम करतात. तुरीच्या हंगामात तो जुना सर्व्हर अक्षरशः रांगायचा. परगावच्या एका विक्रेत्याने रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण ठीकठाक करून विकायला काढलेला, सर्व्हर सुचवला. ४ टीबीच्या चार हार्डडिस्क रेड १० मध्ये (डेटा डिस्कांवर वाटायचा आणि त्याची दुसरी प्रतही ठेवायची, अशी जोडणी), त्या डिस्क सांभाळणारं हार्डवेअर रेड कार्ड, आणि कॅशिंगसाठी २४० जीबीच्या दोन ‘नव्या’ एसएसडी, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेल्या वेगवान डिस्क. सांगितलं असं, की जो डेटा वारंवार लागतो तो कार्ड आपोआप एसएसडीवर आणून ठेवतं, त्यामुळे हार्डडिस्कच्या पैशात एसएसडीचा वेग मिळतो. किंमत १ लाख ८५ हजार.

ही कल्पना खोटी नाही, हे आधी सांगतो. एलएसआय कंपनीच्या मेगारेड नावाच्या रेड कार्डांवर अशा एसएसडी कॅशिंगची कॅशेकेड नावाची सोय खरंच होती आणि ती नीट बसवली तर कामही करायची. कार्डावर एलएसआय छापलेलं आणि कागदावर ब्रॉडकॉम, यावरून मला आधी शंका आली होती. पण त्यात काही गैर नव्हतं. २०१४ मध्ये एलएसआय अवागो या कंपनीने घेतली आणि २०१६ मध्ये अवागोनेच ब्रॉडकॉम हे नाव लावलं. या शंकेचं उत्तर मिळालं म्हणून मी निश्चिंत झालो आणि जिथे बघायला हवं होतं तिथे बघितलंच नाही.

विक्रेत्याचा माणूस मिलमध्ये येऊन डेमो देऊन गेला. क्रिस्टलडिस्कमार्क हे डिस्कचा वेग मोजणारं टूल लावलं, चाचणीचा आकार ठेवला ५१२ एमबी. आकडे असे आले की मालक खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ आले. एसएसडीचे हिरवे दिवे लुकलुकत होते. मी मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी पैसे गेले.

आता त्या डेमोत काय झालं ते समजून घ्या. त्या कार्डावर स्वतःची १ जीबी मेमरी आहे. ५१२ एमबीची फाइल त्या मेमरीतच मावते. म्हणजे चाचणी ना हार्डडिस्कपर्यंत पोहोचली, ना एसएसडीपर्यंत. वरून कार्डाचं धोरण ‘ऑलवेज राइट बॅक’ करून ठेवलेलं. नेहमी असं असतं, की कार्डाची बॅटरी खराब झाली तर कार्ड स्वतःहून ‘राइट थ्रू’वर येतं, लिहिलेलं थेट डिस्कवर पाठवतं आणि वेग पडतो. ‘ऑलवेज’ म्हटलं की बॅटरी असो वा नसो, लिहिलेलं मेमरीत धरून ‘झालं’ असं सांगून मोकळं. आकडे छान दिसतात, पण बॅटरी नसेल तर लाइट गेली की त्या मेमरीतलं सगळं गेलं.

आणि लाइट गेलीच. फेब्रुवारीत भर हंगामात, दुपारी पावणेतीनला. यूपीएसने जेमतेम दम धरला आणि सोडला. पुन्हा चालू केल्यावर टॅलीतली ‘कंपनी’, म्हणजे मिलच्या हिशेबाचा डेटा, उघडेना. दोन दिवसांपूर्वीचा बॅकअप होता म्हणून वाचलो. पण दोन दिवसांच्या पावत्या मुनीमकाकांनी रात्री बसून हाताने पुन्हा भरल्या. ते मूळचे पारोळ्याचे. मला म्हणाले, “भाऊ, दिवा तं लुकलुकी ऱ्हायना, मंग मशीन काबर चालत नही?” (दिवा तर लुकलुकतोय, मग मशीन का चालत नाही?) त्या प्रश्नाने मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः चाचणी घेतली. ती विकत घ्यायच्या आधी घ्यायला हवी होती. एफआयओ हे डिस्कचा वेग मोजणारं, फुकट मिळणारं टूल. १० जीबीची फाइल केली. कार्डाच्या १ जीबी मेमरीत मावणार नाही, पण २४० जीबीच्या एसएसडीत सहज मावेल, असा विचार करून हा आकार. डायरेक्ट मोड चालू ठेवला, म्हणजे सर्व्हरची ३२ जीबी रॅम मध्ये येत नाही. ४ केबीचे तुकडे, इकडून तिकडून, एका वेळी चार विनंत्या, आणि तीच फाइल रात्रभर पुन्हा पुन्हा वाचायची. एसएसडी कॅशे पहिल्या फेरीत वेग देत नाही. कोणता डेटा ‘गरम’ आहे हे त्याला आधी कळावं लागतं. म्हणून पहिला आकडा कमी आला तर घाबरायचं नाही. पुढे तो चढत गेला पाहिजे, हजारांत गेला पाहिजे.

पहिली फेरी, सेकंदाला ४६२ वाचनं. दुसरी ४७१. पाचवी ४५९. सकाळी सहाला शेवटची ४६६. एक काडीचा फरक नाही. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत घेते, त्यामुळे एकेका डिस्ककडून सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या पुढे फारशी अपेक्षा नसते. चार डिस्कचा हिशेब तेवढाच होतो. एसएसडींचा यात हातभार शून्य.

मग स्टोरसीएलआय या रेड कार्डाची माहिती काढणाऱ्या टूलने कार्डालाच विचारलं. दोन्ही एसएसडींपुढे ‘यूगुड’, म्हणजे कार्डाला दिसतात पण कशातही जोडलेल्या नाहीत. कॅशेकेडचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागायचं. कार्डावर ते नव्हतंच. बॅटरीच्या जागी बॅटरी नव्हती. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासणाऱ्या टूलने एसएसडींचे चाललेले तास पाहिले, तर एकीचे २७,४०० आणि दुसरीचेही तसेच. तीन वर्षांहून जास्त चाललेला माल, वर नवं लेबल. लेबलाचा कोपरा नखाने उचलला तर खाली जुन्या स्टिकरचा गोंद.

जे खरोखर कॅशेकेड वापरतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. लिहिण्याचंही कॅशिंग करायचं असेल तर दोन एसएसडी रेड १ मध्येच लावा, म्हणजे एकीवरचं सगळं दुसरीवरही राहतं. एकच लावली आणि ती मेली, तर डिस्कवर न पोहोचलेला डेटा तिच्याबरोबर जातो.

विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, “साहेब, बिल वाचा.” बिलावर एवढंच होतं: ‘वापरलेला सर्व्हर, १ नग’. कॅशिंग, लायसन्स, बॅटरी, एसएसडी नव्या की जुन्या, एक अक्षर नाही. त्यानंतर फोन बंद. वकिलांनी सांगितलं, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी बसत नाही. अपवाद आहे तो स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी, आणि २२ जणांची मिल त्यात येत नाही. नोटीस पाठवली आहे, उत्तर नाही. मालकांनी मला एक शब्द वाकडा बोलला नाही, पण सल्ला माझा होता, म्हणून चाचण्यांचे आणि दुरुस्तीचे पैसे मी घेतले नाहीत.

आता त्या सर्व्हरवर राइट थ्रू लावून ठेवलंय आणि टॅलीचा डेटा दोन नव्या एसएसडींच्या मिररवर (दोन्हींवर तोच डेटा) सरळ हलवलाय. मुनीमकाकांच्या पावत्या पटापट निघतात. धुळ्याच्या भाऊंना मी सांगितलंय, पैसे देऊ नका, मशीन आधी एक रात्र माझ्याकडे ठेवा. खान्देशात कुणाला असं मशीन दाखवलं जात असेल, तर त्यांनीही आणावं. रात्रभर तीच १० जीबीची फाइल लावून सकाळी आकडे सोबत बसून बघू.